सातबाऱ्यावरचा पुरुष

नागपुरात डिसेंबर लागला की दोन गोष्टी हमखास होतात. विधानभवनावर मोर्चे येतात आणि धरमपेठेतल्या नाही तर सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या सभागृहात शेतकरी आत्महत्यांवर परिसंवाद होतो. पूर्वी तिथे कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, सावकारी असे विषय निघायचे. हल्ली सूर पालटलाय. ग्रामीण पुरुषाला लहानपणापासून ‘रडू नकोस’ म्हणून वाढवतात, मन मोकळं करणं त्याला बायकी वाटतं, मदत मागणं कमीपणाचं वाटतं. कर्ज थकलं की पैशापेक्षा पुरुषपण गेल्याचं दुःख त्याला मोठं होतं आणि त्या दुःखात तो जीव देतो, अशी मांडणी आता सर्रास ऐकू येते. पुरावा म्हणून पडद्यावर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा झळकतो. २०२२ साली देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत पुरुष ४,९९९ आणि स्त्रिया २०८. शंभरात शहाण्णव पुरुष. मग उपायही ठरलेला असतो : त्याला बोलतं करा, त्याला रडू द्या.

मांडणी सुसंस्कृत आहे. शेतकऱ्याला आळशी, दारुडा, कर्जबुडवा म्हणण्यापेक्षा कितीतरी सभ्य आहे, आणि म्हणूनच तिच्याशी भांडायला हवं. शिवी दिली की लोक अंगावर जातात. सहानुभूतीच्या सुरात तेच सांगितलं तर टाळ्या वाजवतात. दोष त्याच्यातच आहे, त्याच्या घडणीत आहे, आपण फक्त त्याला सुधारून घ्यायचा, हेच ना शेवटी या मांडणीचं सार?

मुळात कास्तकार बोलत नाही हे कुणी ठरवलं? विदर्भातल्या शेतकऱ्याइतके अर्ज करणारा, निवेदनं देणारा, मोर्चे काढणारा माणूस दुसरा दाखवा. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बच्चू कडूंच्या हाकेवर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरला आले आणि वर्धा रोडवर ठाण मांडून बसले. ते बोलतच होते. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आणि बाजार समितीत बोली चार हजारांच्या आसपास, हे सांगत होते. शहरात चर्चा वाहतूक कोंडीची झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करायला सांगितलं आणि सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ असं आश्वासन दिलं. ज्याला तारीख पदरात पाडून घेण्यासाठी महामार्गावर झोपावं लागतं, त्याला ‘व्यक्त व्हायला’ शिकवायचं म्हणजे थट्टाच आहे.

आणि रडण्याचं म्हणाल तर तेही झालं. २०१७ च्या उन्हाळ्यात तुरीचं विक्रमी पीक आलं, खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, शेतकरी गाऱ्हाणं मांडायला लागला. तेव्हा सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात म्हणाले की एवढी तूर घेतली तरी ‘रडतात साले’. पुढे दिलगिरीही आली, पण महाराष्ट्राने ऐकायचं ते ऐकलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०१५ मध्ये, तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री राधामोहन सिंह यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणं सांगताना त्यात आजारपण, व्यसन, हुंडा यांच्याबरोबर प्रेमप्रकरणं आणि नपुंसकता हेही आलं. आकडे गुन्हे नोंद विभागाचेच होते, रकाने छापील होते, हे खरं. पण मेलेल्या शेतकऱ्याच्या मर्दानगीची वाच्यता देशाच्या संसदेत कुणी केली, याची नोंद या परिसंवादांत का होत नाही? पुरुषपणाची चिंता गावात कमी आणि दिल्लीत जास्त, असं म्हणायला जागा आहे.

आता जरा अडचणीच्या ठिकाणी येऊ. शेतकऱ्याच्या घरात मानसिक त्रासाबद्दल बोललं जात नाही, हे खरं आहे. मी स्वतः ते पाहिलंय. पण का बोललं जात नाही, याचं उत्तर ‘संस्कार’ या एका शब्दात देऊन मोकळं होता येत नाही. १९ डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपयांची सानुग्रह मदत सुरू झाली. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. ती कुणाला मिळणार? नापिकीमुळे कर्ज फेडता आलं नाही, ते कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं आणि वसुलीचा तगादा होता, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे सिद्ध झालं तर. नाहीतर प्रकरण अपात्र. पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित : मृत्यूची ही वर्गवारी विदर्भातल्या प्रत्येक तहसील कचेरीत मिळते.

या व्यवस्थेत घरच्यांनी काय सांगावं? तो कित्येक महिने उदास होता, जेवत नव्हता, रात्री उठून बसायचा, अलीकडे दारू प्यायला लागला होता, असं विधवेने पंचनाम्यात सांगितलं तर ते सगळं ‘अन्य कारण’ होतं. मदत गेली. गावातल्या शहाण्या माणसांना हे वीस वर्षांत पाठ झालंय. चौकशीला लोक आले की ही माणसं आधी घरात जाऊन सांगतात, तब्येतीचं काही बोलू नका, फक्त सोसायटीच्या कर्जाचं बोला. एका बाजूने शासन समुपदेशन केंद्र काढून म्हणतं की मन मोकळं करा. दुसऱ्या बाजूने त्याच शासनाची समिती मोकळं केलेलं मन अपात्र ठरवते. पुरुषाला गप्प बसायला कोण शिकवतं, या प्रश्नाचं एक उत्तर या नियमावलीत आहे. ते आजीच्या संस्कारांवर ढकलू नका.

एक प्रसंग सांगतो. राज्य शासनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५-१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आहे. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्न विचारतात, कुणी खचलेला दिसला की पुढे पाठवतात. असंच एक सर्वेक्षण मी विदर्भातल्या एका गावात पाहिलं. हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस होते. घरधनी वावरात, म्हणून उत्तरं बायको देत होती. झोप लागते का, असं आशाताईने विचारलं. ती म्हणाली, “कायची झोप वं बाई! लाइन रातच्याले येते. पानी सोडाले जा लागते. नाहीतं डुकरं हाईच.” थकवा? तोही आहेच. जेवण? आल्यावर जेवतात. आशाताई भली होती, कागदावर खुणा करत गेली. उदास वाटतं का, या प्रश्नाला ती बाई थांबली. पदराने हात पुसले आणि तिनेच विचारलं, “हे लिहून कुठी नेता तुमी?”

कृषिपंपांना महाराष्ट्रात चक्राकार पद्धतीने वीज मिळते, दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात अख्खा तालुका जागा असतो. फॉर्मवर ती निद्रानाशाची खूण होते. म्हणजे माणूस आजारी नाही असं मी म्हणत नाही. रात्र-रात्र थंडीत बॅटरी घेऊन बांधावर फिरणारा माणूस खचतोच, आणि खरोखरच खचतो. पण त्याच्या झोपेचा इलाज मनोविकारतज्ज्ञाइतकाच वीज कंपनीकडेही आहे. आणि त्या बाईचा प्रश्न तर नीट ऐका. तिला फॉर्म कळला नाही असं नाही. चांगला कळला होता.

इथवर वाचून शेतकरी चळवळीतले मित्र खुश झाले असतील. ते म्हणतात, मानसिक आरोग्याचं हे खूळ म्हणजे शेतकऱ्याला वेडं ठरवून भाव न देण्याची युक्ती आहे. भाव द्या, कर्ज फेडलं जाईल, डोकं आपोआप ताळ्यावर येईल. हेही मला मान्य नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते लोकांशी बोलत, गरज पडली तर डॉक्टरकडे नेत. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. या काळात कापसाचा भाव कुणी वाढवून दिलेला नव्हता. गोळ्या आणि बोलणं यांनी माणसं वाचतात, वाचली आहेत. नैराश्य हा आजार आहे, तो बागायतदारालाही होतो, प्राध्यापकालाही होतो. त्याला ‘धोरणाचा बळी’ म्हटल्याने गोळी मिळत नाही. चळवळीने हे मान्य केलं तर भावाची मागणी एका पैशाने कमी होणार नाही.

तर मग मूळ मांडणीत खोट कुठे आहे? ती पुरुषपण मनात शोधते. माझं म्हणणं असं की विदर्भातल्या कास्तकाराचं आजचं पुरुषपण बरंचसं कागदावर तयार झालेलं आहे.

ते शहाण्णव टक्के आठवा. गुन्हे नोंद विभागाच्या वहीत ‘शेतकरी’ कोण? ज्याच्याकडे स्वतःची किंवा खंडाने केलेली जमीन आहे तो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के आहेत. निंदण बाई करते, कापूस बाई वेचते, सोयाबीनच्या सोंगणीत बाई असते. पण सातबारा नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या नावावर. ही बाई उद्या जिवाला कंटाळून गेली तर पोलीस पाटील काय सांगेल? गृहिणी. कारण : घरगुती वाद. पी. साईनाथ हे कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. तेव्हा पडद्यावरचा तो आकडा पुरुषांच्या मनाबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच आपल्या महसुली दप्तराबद्दल सांगतो. तो दाखवून ‘बघा, पुरुषच मरतात’ म्हणणं म्हणजे ज्या दप्तराने बाईला शेतकरी मानलं नाही, त्याच दप्तराची साक्ष काढणं.

दप्तराचा हा एकटा पुरुष फार जुनाही नाही. पूर्वी पऱ्हाटीबरोबर ज्वारी असायची, तुरीच्या ओळी असायच्या. बी घरचं, राख लावून मडक्यात ठेवायची ती घरची बाई. कोठीत किती पायल्या उरल्या हे तिला ठाऊक, कडबा बैलांना पुरेल की नाही हे गड्याला ठाऊक. मग सोयाबीन आलं. ते घरात शिजत नाही, त्याचा कडबा होत नाही; ते थेट बाजारात जातं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बी दरवर्षी पाकिटात यायला लागलं. कृषी केंद्रात उधारी कुणाच्या नावाने? त्याच्या. पीककर्ज कुणाच्या नावाने? त्याच्या. मार्चअखेर गटसचिव येऊन म्हणतो ‘नवं-जुनं करून टाका’, म्हणजे कुठून तरी आठवड्यापुरते पैसे आणून जुनं कर्ज भरायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं. हे आठवड्याचे पैसे आणायला जातो कोण? तोच. सोसायटीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लागते, तिच्यात नाव त्याचं. सिबिल खराब होतं ते त्याचं. घरातले सगळे मिळून शेती करतात आणि अपयश मात्र एका माणसाच्या नावावर जमा होतं. मग तो रात्री बायकोला हिशेब सांगत नाही, हे आपण त्याच्या मर्दानगीच्या खाती लिहितो. तिच्या सहीला जिथे कुठेच किंमत नाही, तिथे तिला हिशेब सांगण्याची सवय त्याला लावणार कोण?

शेतकरी दारूपायी जीव देतो, हा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण त्याला तेवढंच उत्तर पुरेसं आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले, ते ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी होतं त्यांत वर्धा होतं. चोरटी दारू तिथे मिळते, हे मलाही माहीत आहे. तरीपण.

फवारणीचंही तसंच. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. लगेच ऐकू आलं की हे लोक मास्क घालत नाहीत, हातमोजे घालत नाहीत, बेफिकीर असतात. गेलेल्यांत पुष्कळसे रोजाने फवारणारे मजूर होते. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, ऑक्टोबरच्या दमट उन्हात, दुसऱ्याच्या वावरात दिवसाच्या मजुरीसाठी पंप पाठीवर घेणाऱ्याचा बेदरकार बाणा शोधायला शहरातलं डोकं लागतं.

लग्नाकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण तिथे प्रतिपक्षाची बाजू खरोखर मजबूत आहे. एप्रिल २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे शेतकऱ्यांना ऐकवून गेले की कर्जमाफीचा पैसा साखरपुड्याला, लग्नाला जातो. मंत्र्याने हे बोलावं का, हा वेगळा प्रश्न. पण श्रीजित मिश्र यांनी २००६ मध्ये विदर्भातल्या आत्महत्यांचा जो अभ्यास केला, त्यात १११ प्रकरणांपैकी सुमारे ८७ टक्के ठिकाणी कर्ज होतं, आणि सुमारे ३४ टक्के ठिकाणी मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचं ओझंही होतं. गावातली पत घसरल्याची सल तर त्याहून थोड्या अधिक घरांत होती. तेव्हा इभ्रत, मान, चारचौघांत मान खाली जाणं, हे काही परिसंवादवाल्यांनी हवेतून आणलेलं नाही.

मात्र ही इभ्रत आज कुठे जाऊन अडली आहे तेही बघा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला : आम्हाला मुली मिळत नाहीत. लोक हसले. विदर्भात गावोगाव तेच आहे. पस्तिशी ओलांडलेला, आठ एकरांचा धनी असलेला पोरगा स्थळ बघायला जातो आणि चहा पिऊन परत येतो. मुलीचा बाप स्वतः कास्तकार असतो, तरी त्याला जावई नोकरीवाला हवा. पुण्यात डिलिव्हरी करणारा चालेल, आठ एकरवाला नको. यात पुरुषपणाला धक्का बसतो? बसतोच. समवयस्कांची पोरं शाळेत जायला लागली आणि हा अजून आईच्या हातचं जेवतोय. पोळ्याला बैल सजवताना त्याला कुणी काही विचारू नये म्हणून तो घाई करतो.

पण त्या मुलीने नकार का दिला, हे कुणी विचारतं का? तिने आपल्या आईला पाहिलेलं असतं. उन्हात निंदण, संध्याकाळी चूल, नावावर काही नाही, आणि बाप खचला की त्याच्या रागाचं धनी तिने व्हायचं. मुलगी शेतीला नकार देते असं आपण म्हणतो. ती बिननावाच्या शेतमजुरीला नकार देते. आठ एकरांतले चार लग्नाच्या दिवशी तिच्या नावावर झाले, तर काही स्थळं तरी चहाच्या पुढे सरकतील असा माझा अंदाज आहे. चूक ठरला तर ठरू दे.

आता माझ्या मांडणीला सर्वांत जड जाणारी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव. साहेबराव करपे तिथले मोठे शेतकरी, गावाचे सरपंच राहिलेले. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या आश्रमात साहेबराव, त्यांच्या पत्नी मालती आणि चार मुलं यांचा अंत झाला. महाराष्ट्र याला पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानतो. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाचे अमर हबीब आणि त्यांचे सहकारी दर १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दरवर्षी त्या दिवशी आपण लिहितो, ‘साहेबराव करपे यांनी सहकुटुंब आत्महत्या केली’, आणि पुढे जातो. त्या चार मुलांनी काही ठरवलेलं नव्हतं. मालतीबाईंनी काय ठरवलं होतं, हे कुणाला कळायला मार्ग नाही. एका घरातल्या सहा जिवांचा हिशेब एका माणसाच्या नावाने मांडला गेला, आणि चाळीस वर्षं आपणही तो तसाच मांडत आलो.

इथे फक्त वीजबिल आणि भाव यांनी उत्तर पुरं होत नाही. माझ्यामागे यांचं कोणी नाही, माझ्याशिवाय हे जगूच शकत नाहीत, ही जी पक्की समजूत असते ती पुरुषाचीच असते, आणि ती घातक आहे. पुरुषपणाबद्दल बोलणाऱ्यांचं हे म्हणणं मी विनाअट मान्य करतो. फक्त त्यांनी पुढचा प्रश्नही विचारावा : ही समजूत खरी आहे का? विदर्भात हजारो बायका नवरा गेल्यावर जगल्या. त्याच वावरात, त्याच भावात, त्याच पावसात त्यांनी शेती केली, पोरं शिकवली. २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटन कुणी करायचं हा पेच पडला, तेव्हा राजूरच्या वैशाली येडे व्यासपीठावर आल्या. शेतकऱ्याची विधवा, श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकात काम केलेली. त्याच वर्षी त्या लोकसभेलाही उभ्या राहिल्या. अशा बाईकडे बोट दाखवून ‘बघा, बाया किती खंबीर’ असं मात्र म्हणू नका. ती आणखी एक पळवाट आहे. खंबीरपणा त्यांच्या रक्तात नव्हता. दुसरा इलाज नव्हता. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांतल्या ५०५ अशा स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन तोपर्यंत झालेली नव्हती. म्हणजे पुरुष गेला, कर्ज राहिलं, काम राहिलं, आणि सातबारा पुढच्या पुरुषाची वाट बघत राहिला.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचं काय? २०२२ मध्ये शेतकऱ्यांपेक्षा शेतमजुरांच्या आत्महत्या जास्त होत्या : ६,०८३, त्यांत पुरुष ५,४७२. बरोबर आहे. माझ्या कागदाच्या युक्तिवादात हा माणूस बसत नाही. तो कुणाच्याच युक्तिवादात बसत नाही. त्याच्यासाठी परिसंवाद नाही, कर्जमाफी नाही, सानुग्रहाच्या नियमात तो नाही. त्याच्या घरात कर्ज असतं ते मायक्रोफायनान्सचं, आणि गंमत अशी की ते बहुतेक वेळा बायकोच्या नावावर असतं. हप्तेवाला नेमाने दारात उभा राहतो. म्हणजे बाईचं नाव लावायची वेळ आली तेव्हा आपण ते कर्जावर लावलं. मला हवंय ते जमिनीवर, आणि मजुराच्या घरी निदान घराच्या उताऱ्यावर.

ही मागणी शहरी स्त्रीवाद्यांनी गावावर लादलेली आहे असं चळवळीतल्या कुणाला वाटत असेल तर त्यांनी आपलाच इतिहास उघडावा. ज्या १९८६ च्या मार्चमध्ये चिलगव्हाणचं घर संपलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेने चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला : नवऱ्याने हयातीतच काही जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर जणांनी हे केलं, त्या गावी ते स्वतः जात. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला ते घडलं. कुणी समुपदेशन केलेलं नव्हतं, ‘पुरुषत्वाची पुनर्व्याख्या’ असले शब्द तिथे कुणी उच्चारले नव्हते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणाऱ्या पटक्या-फेट्यातल्या माणसांनी तलाठ्यापुढे जाऊन सह्या केल्या, कारण बाजारात आपल्या घामाचे दाम मागताना घरातल्या घामाचे थकवायचे नाहीत, हे त्यांना पटलं होतं. शासनानेही नंतर लक्ष्मीमुक्तीची योजना काढली आणि ती आहे, एवढंच. माझ्या ओळखीतल्या किती कास्तकारांना ती माहीत आहे, हे विचारायची सोय नाही.

म्हणून प्रेरणा प्रकल्पाचं शिबिर पुढच्या वेळी भरेल तेव्हा एवढंच करावं. समुपदेशकाचं टेबल राहू द्या, गोळ्या देणारा डॉक्टर राहू द्या, ते लागतात. शेजारी वीज कंपनीचा माणूस बसवा, दिवसाच्या पाळीचे अर्ज घेऊन. तिसऱ्या टेबलावर तलाठी बसवा, फेरफाराचे कागद घेऊन. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा की इथे सांगितलेलं दुःख सानुग्रह मदतीच्या आड येणार नाही. त्यासाठी आधी २००५ चा तो निकष बदला. अधिकारी म्हणतील, नवरे सही करणार नाहीत. विटनेरला केली. इथेही दहांतला एखादा करेल. सही करताना त्याच्या मनात काय चाललंय, ते मग शेजारच्या समुपदेशकाने खुशाल विचारावं.